अठ्ठावीस परस

माझ्या नातवाच्या बारशाला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, मला कळलं की मी सतरा वस्त्या मरणाच्या तोंडी नेऊन बसवल्या आहेत. हातात घुगऱ्यांची वाटी होती. मी ती नीट, न सांडता, पाटावर ठेवली. त्या नीटपणाची मला अजून चीड येते.

मी तेजल नाबर. वय छप्पन्न. उंचीनोंद केंद्रात वरिष्ठ नोंदकार. काम काय, तर अतिउंच झाडं मोजायची. दीडशे फुटांच्या वर गेलेलं कोकणातलं प्रत्येक झाड माझ्या यादीत आहे. ते किती वाढलं, किती खचलं, हे मी दर आठवड्याला लिहिते. माझी आई म्हणायची, 'झाडं मोजायचा कसला गो पगार?' बिचारी गेली त्या साली उन्हाळा बेचाळीस अंशांवर थांबत असे. तेव्हा लोकांना झाडांची गरज निबंधापुरती होती.

आता २०४९ आहे. मे महिन्यात दमट उकाडा शेहेचाळीसवर जातो आणि अकरा ते चार उन्हबंदी असते. उन्हबंदीत म्हाताऱ्याला किंवा तान्ह्या पोराला अर्धा तास उघड्यावर ठेवलं तर दवाखान्यात न्यायचीही गरज उरत नाही. शहरं यंत्रांनी गार होतात. खेडी गार व्हायची तर झाडाखाली. उंच झाड दिवसाला शेकडो लिटर पाणी हवेत सोडतं, आणि त्याच्या खाली आठ अंशांचा फरक पडतो. म्हणून लोक रायांमध्ये राहायला गेले. सरकारने आखून दिलेल्या त्या सावलीवस्त्या. देवाच्या रायांत माणसं राहायला आली आणि देवाने काही तक्रार केली नाही.

पण दोनशे फुटांचं झाड डोक्यावर घेऊन राहायचं तर ते पडणार नाही याची खात्री हवी. ती खात्री म्हणजे मी.

झाड पाणी वर चढवतं त्याला पंप नसतो. पानांतून पाणी उडून जातं आणि ते मागच्या पाण्याला ओढतं. मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याचा अखंड धागा ताणलेला असतो, केसाहून बारीक नळ्यांतून. झाड जितकं उंच, हवा जितकी तापलेली, तितका ताण जास्त. ताण असह्य झाला की धागा तुटतो, आणि तुटताना बारीक टिक् असा आवाज होतो. माणसाला तो ऐकू येत नाही, आम्ही बुंध्याला बसवलेल्या कड्याला येतो. धागे तुटत गेले की आधी शेंडा वाळतो, मग मोडतो. मोडक्या जागेतून पावसाचं पाणी आत शिरतं, बुरशी धरते आणि खोड वरून खाली पोखरत जातं. बाहेरून पानं हिरवीगार, आत पोकळ. म्हणून आमचा नियम सोपा आहे: चढतं झाड सुरक्षित, उतरतं झाड धोक्याचं. उंची कमी होऊ लागली की उंचीच्या दीडपट अंतरापर्यंतची सगळी माणसं हलवायची.

मात्र कडी बसवून नऊच वर्षं झालीत. नऊ वर्षं हे झाडाच्या आयुष्यात काहीच नाही. शेंडा मोडल्यावर बाजूची फांदी वर येते आणि चार बोटं वाढते. उंची मोजणाऱ्या लेझरला वाटतं, झाड वाढतंय. टक्कल पडलेल्याने टोपी घातली म्हणजे केस आले असं नव्हे. म्हणून नियमात दुसरी अट आहे: शंभर वर्षांपूर्वीची लेखी नोंद दाखवा, तेव्हा झाड आजच्यापेक्षा बुटकं होतं हे सिद्ध करा. ज्या झाडाचं असं सिद्ध होईल, ते चढतं. त्याचं खोड भोक पाडून तपासायचीही गरज नाही.

अशा जुन्या नोंदी शोधायची हौस मला होती. देवस्थानांची दप्तरं, मोडी कागद, वाळवीने खाल्लेल्या वह्या. १८७२च्या एका कागदावर सापडलं: 'धुपाचा वृक्ष, शेंड्यावरोन दोर सोडोन मोजिला, उंची २८ पुरुष.' मी आनंदाने ओरडले होते. पुरुष म्हणजे माणूस. त्या काळचा सरासरी माणूस पाच फूट पाच इंच. अठ्ठावीस गुणिले तेवढं, म्हणजे एकशे बावन्न फूट. आज तेच झाड एकशे अठ्ठ्याण्णव. शेहेचाळीस फूट वाढलं! मी कोष्टक केलं. सोळा आणखी झाडांच्या नोंदी त्याच मापात निघाल्या. सतराच्या सतरा चढती ठरली. केंद्राने त्याला 'नाबर कोष्टक' नाव दिलं, आणि मी ते नाव मिरवलं, खोटं कशाला बोलू?

त्या धुपाखाली एक्केचाळीस घरांची धूपतळ नावाची वस्ती झाली. पुण्यात गार खोल्यांत सुखाने राहणाऱ्या माझ्या लेकीला, ओवीला, मीच म्हटलं, 'यंत्र बंद पडतं गं, झाड बंद पडत नाही. मल्हारच्या गावी राहा.' मल्हार गवस तिचा नवरा. आईची सही आहे म्हटल्यावर ती आली.

तर बारसं. बाळाला पाळण्यात घालायची वेळ साडेदहाची होती. बायका जमल्या होत्या. वर पाहिलं तर आभाळ दिसत नव्हतं, इतकी पानं. मल्हारचे आजोबा, सगळे त्यांना आजो म्हणतात, चौऱ्याऐंशी वर्षांचे, खाटेवर बसून माझी थट्टा करत होते.

"झाडा मोजतंस, गो! बावी मोजून बघ. ही अंगणातली बाव मियां खणलेली, बावीस वर्साचो असताना. सात परस!"

परस. मला हसू आलं. कागदावरचा 'पुरुष' यांच्या तोंडी परस झाला होता.

"सात परस विहीर म्हणजे अडतीस फूट, आजो. फार नाही हो."

"अडतीस?" ते भडकलेच. "अगो, बावन्न फूट आसा ती! पंप सोडलो तेवा मल्हारान पायप मोजून घातलेलो. इचार तेका."

"मग सात परस कसे होतील? परस म्हणजे माणूस ना?"

"परस म्हंजे काय नुसतो उभो माणूस? बावीत उतरलेलो माणूस हात लोंबत ठेवन रवता काय? मातयेची टोपली वयल्याक देवची लागता!" ते खाटेवरून उठले, काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच केले. सदऱ्याच्या बाह्या खाली घसरल्या. "टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत. ह्यो एक परस. पाच हात."

"झाडालाही हेच माप?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"झाड आसू दे नायतर बाव. परस तो परस. झाडाक वेगळो कायदो आसता काय?"

बायका हसल्या. मी वाटी खाली ठेवली.

पाच हात म्हणजे साडेसात फूट. अठ्ठावीस गुणिले साडेसात, दोनशे दहा. झाड आज एकशे अठ्ठ्याण्णव. ते शेहेचाळीस फूट वाढलेलं नव्हतं. बारा फूट मोडलेलं होतं. मी वर पाहिलं. पानंच पानं. मी पाळण्याची दोरी धरली. मोडी शिकले, बुरशीचे प्रकार शिकले, आणि विहीर खणणाऱ्याला एक शब्द विचारायचं सुचलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे तर माणसं होती.

मी गाडीतून गिरमिट काढलं. लाकडाचा नमुना घ्यायचं लांब पात्याचं, हाताने फिरवायचं. झाडाच्या मागच्या बाजूला गेले, कोणाला दिसू नये म्हणून. पातं कडक लाकडात नऊ बोटं गेलं, कुरकुरत. दहाव्या बोटाला माझा हात एकदम पुढे गेला. पातं मुठीपर्यंत आत शिरलं. आत काहीच नव्हतं. पातं ओढलं तर भोकातून काळं, आंबूस पाणी आलं आणि माझ्या चपलेवर सांडलं.

पावणेअकरा वाजले होते. मी फोनवर सतरा झाडांच्या कड्यांचे आवाज उघडले. कडं दोन तऱ्हेचे आवाज ऐकतं, पाण्याचा धागा तुटल्याचा आणि लाकूड तडकल्याचा. चढत्या झाडांच्या बाबतीत आम्ही दोन्ही 'तहान' या एकाच रकान्यात टाकत होतो. आठवडाभर रकाना फुगत होता. मीच शेरा मारला होता: 'उन्हाळा, नेहमीचे.' आता मी लाकडाचे आवाज वेगळे काढून यादी लावली. धूपतळ तिसऱ्या क्रमांकावर होतं. दुसऱ्यावर एक रिकामी झालेली राई. पहिल्यावर मोरवणे, साठ घरं.

हे मी वाचलं. माझ्या डोळ्यांनी वाचलं.

आता नियम सांगते. अशी चूक कळली की त्याच क्षणी केंद्राला फोन करायचा. केंद्र सगळ्या वस्त्यांना इशारा देतं आणि थंड बस पाठवतं. थंड बस नसेल तर उन्हबंदीत माणसं हलवता येत नाहीत. तालुक्यात थंड बस सहा. दोन कायम आजाऱ्यांसाठी राखून. उरल्या चार. मी फोन केला असता तर त्या चार बस आधी मोरवण्याला गेल्या असत्या, कारण तिथला आवाज मोठा, घरं जास्त. नंतर धूपतळ, तीन वाजता, कदाचित चार.

मी नियंत्रण कक्षाला फोन लावला. म्हटलं, "नाबर बोलतेय. धूपतळला सराव घ्यायचाय, वस्ती हलवण्याचा. चारही बस पाठवा."

"आज? उन्हबंदीत?" तिथली मुलगी म्हणाली.

"उन्हबंदीतलाच सराव घ्यायचा असतो," मी म्हटलं. वरिष्ठ नोंदकाराच्या आवाजात. तिने पाठवल्या.

ओवीला मी बाजूला घेतलं. तिच्या अंगावर नवी हिरवी साडी होती, बाळ खांद्यावर झोपलेलं.

"सामान काही घेऊ नकोस. बस येतायत. सगळ्यांनी निघायचंय."

"आई, नाव ठेवायचंय अजून!"

"नंतर."

"झालं काय?"

"झाड पोकळ आहे."

तिने वर पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "तू तर सही केली होतीस."

"हो."

पाळणा तसाच राहिला. आजो मात्र हटून बसले. "जल्म हयसर गेलो, आता झाडाक भिऊन पळू?" मल्हारने त्यांना उचलून बसमध्ये नेलं. उचलताना ते माझ्याकडे वळून पाहत होते. बारा वाजून चाळीस मिनिटांनी शेवटची बस निघाली. एक्केचाळीस घरं, एकशे अठ्ठावन्न माणसं, तीन गाई आणि कोणाचीतरी मांजर. झाड जागच्या जागी उभं होतं. एक पान हलत नव्हतं.

तालुक्याच्या मोठ्या थंड सभागृहात सगळे उतरले. मी डोकी मोजली. दोनदा मोजली. मग बाहेरच्या जिन्यावर गेले आणि केंद्रप्रमुख वागळे सरांना फोन लावला. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. वाक्य मी मनात जुळवलं होतं: सर, कोष्टकात चूक आहे, सगळ्या सतरा ठिकाणी ताबडतोब इशारा द्या.

मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "तेजल, मोरवण्याचं झाड पडलं."

मी जिन्यावर बसले.

"अर्धा तास झाला. वारा नाही, काही नाही. कसं पडेल ते? चढतं होतं ना?"

"सर," मी म्हटलं, "ते चढतं नव्हतं."

मी सांगितलं. परस, पाच हात, बारा फूट, गिरमिट. ते ऐकत राहिले. मग त्यांनी फोन बाजूला धरून ओरडायला सुरुवात केली, उरलेल्या वस्त्यांची नावं एकेक करून. दुपारभर लोकांना ओल्या गोधड्यांत गुंडाळून, ट्रकमध्ये बर्फाच्या लाद्या टाकून हलवलं. धूपतळची माणसं उतरताच चारही बस मीच परत पाठवल्या होत्या, पण त्या पुरणार नव्हत्या. उरलेल्या चौदा वस्त्या संध्याकाळपर्यंत मोकळ्या झाल्या. एकही झाड पडलं नाही. धूपतळचंही नाही.

मोरवण्यात अकरा माणसं गेली.

पाच वाजता सभागृहात चहा आला. लोक आता मला हात जोडत होते. नाबरबाईंनी वेळेवर ओळखलं म्हणून आपण वाचलो, मोरवण्यासारखं झालं असतं, असं एकमेकांना सांगत होते. एका बाईने माझ्या पायांना हात लावला. मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं. मी ओरडूनही सांगितलं नाही. बसून राहिले.

आजो काठी टेकत आले आणि शेजारच्या खुर्चीत बसले.

"मियां तुका सकाळी सांगितलंय," ते म्हणाले.

"हो."

"नाव ठेवच्या अगोदर."

"हो, आजो."

ते उठून गेले. त्यांना शाळा चौथीपर्यंत होती, पण वजाबाकी त्यांना येत होती.

ओवीने हे ऐकलं होतं. ती बाळाला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "सकाळी कळलं तुला? मग केंद्राला कधी कळवलंस?"

"एक वीसला."

तिचे ओठ पांढरे झाले. मला वाटलं आता ही मला थोबाडीत मारेल, आणि खरं सांगते, मला ती हवी होती. ती वाकली आणि अगदी माझ्या कानाशी म्हणाली, "बरं केलंस."

झाडात पातं रिकामं गेलं तेव्हा मी हादरले नव्हते इतकी त्या दोन शब्दांनी हादरले. माझ्या पोरीचा चेहरा होता, पण त्यावर मीच होते, पावणेअकराची. तिने बाळाचं डोकं छातीशी घट्ट दाबून धरलं होतं.

"कोणाला सांगू नकोस, आई. कोणी विचारणारही नाही."

विचारलं. केंद्राचा छापील अहवाल असतो, तो चोवीस तासांत भरावा लागतो. झाडाचं नाव, जुनी उंची, आजची उंची. सातवा रकाना: चूक लक्षात आल्याची वेळ. मी तो भरला आणि पाठवला. पाच मिनिटांत वागळे सरांचा फोन आला. सभागृहातल्या गोंगाटात ऐकू येईना म्हणून मी आवाज मोठा केला. ओवी शेजारीच होती.

"तेजल, अहवाल बघतोय." त्यांचा आवाज फार थकलेला होता. "मोरवण्याच्या लोकांनी साडेअकराला बस मागितली होती. झाड कडकड वाजतंय म्हणाले. कक्षाने सांगितलं, बस सरावाला गेल्यात, आणि झाड चढतं आहे, घाबरू नका. कक्षातली ती मुलगी दुपारपासून रडतेय."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"बरं, तुझा सातवा रकाना. दहा वीस लिहिलंय. एक वीस म्हणायचंय ना? फोन तू मला एक वीसलाच केलास." ते हुशार माणूस आहेत, आणि तीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं आहे. "घाईत होतं असं. मी इथून दुरुस्त करतो. तू फक्त हो म्हण."

ओवीने माझं मनगट धरलं. ती मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण. बाळ जागं झालं होतं आणि कुशीत तोंड घासत होतं. त्याला अजून नाव नव्हतं.

"नाही, सर," मी म्हटलं. "दहा वीस."



"आणि तो सराव?" त्यांनी विचारलं.

"सराव नव्हता. माझी मुलगी तिथे राहते."

ओवीने माझं मनगट सोडलं.